सर उरीच्या जखमा आणि लॅन्सलॉटचं रडणं

राजा आर्थरच्या दंतकथांमधल्या लॅन्सलॉट या नाइटला, म्हणजे घोडेस्वार सरदाराला, लोक सरळ ढोंगी म्हणून मोकळे होतात, राजाचा जिवलग आणि राजाच्याच बायकोवर प्रेम, संपला विषय. मला ते अजिबात पटत नाही आणि त्याचं कारण म्हणजे सर उरीचा प्रसंग. इंग्लिश लेखक मॅलरीने लिहिलेल्या आणि १४८५ मध्ये कॅक्स्टन या मुद्रकाने छापलेल्या आर्थरकथेत तो बराच शेवटाकडे येतो.

उरी हंगेरीचा नाइट. अंगावर सात जखमा, आणि चेटूक असं की जगातला सगळ्यात थोर नाइट हात लावेपर्यंत त्या भरणारच नाहीत. त्याची आई सात वर्षं त्याला घेऊन देशोदेशी फिरतेय. आर्थरच्या दरबारात खुद्द राजा धरून ११० जण हात लावून बघतात, काही उपयोग नाही. मग लॅन्सलॉट येतो आणि चक्क नको म्हणतो.

बाकीच्यांना हा विनय वाटत असणार. पण ग्रेलच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या पवित्र प्याल्याच्या, शोधात त्याने राणीपासून लांब राहायचं वचन दिलं होतं आणि परत आल्यावर ते मोडलं होतं, ते त्याला एकट्याला आतून खात असणार ना, आता जखमा भरल्या नाहीत तर भर दरबारात सगळं उघडं पडणार. राजाचा हुकूमच होतो तेव्हा तो गुडघे टेकतो, मनातल्या मनात प्रार्थना करतो. आधी डोक्यावरच्या तीन जखमा भरतात, मग अंगावरच्या तीन, शेवटी हाताची. सगळे देवाचे आभार मानतायत आणि हा मार खाल्लेल्या पोरासारखा रडतोय!

मला वाटतं, जखमा भरल्या नसत्या तर त्याला सोपं गेलं असतं, शिक्षा झाली असती आणि सुटला असता. आता त्याला कळलंय की आपला चांगुलपणा खरा आहे आणि दगाही तितकाच खरा आहे, आणि दोन्ही घेऊन जगायचंय.

पुढे हे प्रेम उघडकीस येतं, राणीला जाळायची शिक्षा होते, आणि तिला चितेवरून सोडवताना गर्दीत लॅन्सलॉटच्या हातून गॅरेथ नावाचा तरुण नाइट मरतो, निःशस्त्र, ज्याला त्यानेच नाइट केलं होतं. वाचायला होत नाही ते. गॅरेथचा भाऊ गवेन सूडाला पेटतो, आर्थर लॅन्सलॉटच्या जॉयस गार्ड किल्ल्याला वेढा घालतो. तिथे लॅन्सलॉटचा नातलग बोर्स राजाला घोड्यावरून पाडतो आणि विचारतो, संपवू का हे युद्ध? लॅन्सलॉट त्याला अडवतो, स्वतः खाली उतरतो आणि आपल्यावर चालून आलेल्या राजाला परत घोड्यावर बसवतो. आर्थरच्या डोळ्यांत पाणी येतं, पण लढाई काही थांबत नाही.