दाराआडून ऐकलेले पत्र

"एवढं मोठ्यानं नको वाचूस," असे म्हणून आजीने आज दुपारी माझ्या हातातले जुने आंतरदेशीय पत्र काढून घेतले.

पत्र नोव्हेंबर १९७१ चे, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात फक्त ५६ ए.पी.ओ., म्हणजे ठिकाण न सांगणारा लष्करी टपालाचा पत्ता. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, आणि हे पत्र साताऱ्याकडच्या आमच्या वाडीत पोहोचले तेव्हा ३ डिसेंबरला पेटलेले भारत-पाकिस्तान युद्ध ऐन भरात होते. त्यामुळे 'मी खुशाल आहे' हे वाक्य अजूनही खरे आहे की नाही, हे सांगू शकणारे घरात कोणीच नव्हते.

मुंबईत ब्लॅकआउट होता. वाडीत मुळात वीजच नव्हती (आजीच्या शब्दांत, "आमचा अंधार सरकारला सांगावा लागला नाही"), म्हणून शाळूला पाणी देणे, राखण करणे, संध्याकाळी पुरुषांनी रेडिओभोवती जमणे, हे सारे चालूच राहिले.

पत्र गुरुजी ओसरीवर वाचून दाखवत आणि अख्खी आळी ऐकत असे. त्यात बैलाची चौकशी, विहिरीच्या पाण्याची चौकशी, थोरल्यांना दंडवत. विशीतली आजी मात्र दाराआड उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतःच्या उल्लेखाची वाट पाहत असे आणि तो कधीच येत नसे. आपले पत्र वडिलांसमोर वाचले जाणार हे ठाऊक असलेला तरुण दुसरे काय लिहिणार?

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली आणि पुढे आजोबा सुखरूप परतले.

उत्तरात तू काय लिहून घेतलेस, असे मी विचारले. "मी? गुरुजींकडून? मामंजींसमोर?" असे म्हणून ती हसतच सुटली.

तुमच्या घरच्या जुन्या पत्रांत बाईने सांगितलेली एखादी ओळ सापडते का?