खापरं कुठे टाकलीत?

नाण्यांच्या नोंदी करणं हे माझं नाशिकमधलं काम. जूनमधल्या एका दुपारी सिन्नरकडचे एक शेतकरी नववीतल्या मुलाला घेऊन आले. शेततळं खोदताना पोकलेनला मडकं लागलं होतं. मुलाने रुमालाची गाठ सोडली. आत तांब्याची आठ नाणी, नुकत्याच घासलेल्या घंगाळासारखी लखलखीत.

"मॅडम, पोराने लई घासलीत," वडील कौतुकाने म्हणाले. चिंच लावून घासली होती! वरचा हिरवा थर गेला आणि त्याबरोबर अक्षरंही. सहा नाणी कोरी झाली होती. माझ्या पोटात कालवलं.

त्याला रागवावं तरी कसं? तो मामेभावाकडे 'टूम रेडर' खेळतो. त्यात लारा क्रॉफ्ट जुनी वस्तू उचलते, हातात फिरवून बघते, की माहिती पडद्यावर येते. २०१७चा 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' तर आपल्या पश्चिम घाटात, होयसळ राजांच्या काळातल्या अवशेषांत घडतो. मीही तो खेळले आहे. शिल्पं जीव लावून घडवलीत, पण वस्तू हाती आली की तिथलं काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं.

मी त्याला जोगलटेंभीचं सांगितलं. त्याच्याच तालुक्यातलं गाव. १९०६मध्ये तिथे क्षहरात वंशातल्या नहपान राजाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, स्वतःचा छाप उमटवला होता. पांडवलेण्यांतल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या लेखात, तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असं कोरलंय. त्या शब्दांना ही रास साक्ष आहे. हीच नाणी पाच-पाच करून खिशांतून पांगली असती, तर ही मोजदाद कुणी केली असती?

मुलगा गप्प झाला. मग मी विचारलं, "मडकं नेमकं कुठे होतं?"

त्याने वही ओढून नकाशा काढला. विहीर, बाभूळ, तळ्याचा उत्तरेकडचा कोपरा. खोली त्याच्या छातीइतकी, वर काळी माती, खाली मुरूम, आणि मडक्याशेजारी राखेचा पट्टा. राख! इतकं नेमकं सांगणारं माणूस मला क्वचितच भेटलंय. खेळात नकाशा डोक्यात ठेवायची सवय असते, म्हणाला.

"आणि मडक्याची खापरं?"

"ती मुरमाच्या ढिगात. फुटकीच होती ना."

नाण्यांची अक्षरं गेली तरी खापरावरून काळाचा अंदाज येतो, हे त्याला नवीन होतं. १९५०-५१मध्ये पुरातत्त्वज्ञ संकलिया आणि देव यांनी गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं, तेव्हा जुन्या नाशिकची कहाणी थराथरांतल्या खापरांनीच उलगडली.

वडिलांना जमीन जाईल अशी धास्ती होती. जमिनीत पुरलेल्या ठेव्यांसाठी निखात निधी कायदा आहे, १८७८चा. जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. तिथेच बसून त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला.

संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली आणि फोन वाजला. मुलगा ढिगाजवळून बोलत होता. चौदा तुकडे दिसले होते, प्रत्येकाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढले होते.

"ताई, अजून एकाला हात लावला नाही. उचलू का?"