साक्षीदाराची भाषा: मराठी

मी अमेरिकेतल्या इमिग्रेशन कोर्टात दुभाष्याचं काम करते. हिंदीसाठी बोलावणं नेहमीचंच, मराठीसाठी क्वचित. त्यामुळे त्या दिवशी कागदावर 'साक्षीदाराची भाषा: मराठी' वाचून जरा सावरूनच बसले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

साक्षीदार म्हणजे वडील. हद्दपारीची केस त्यांच्या मुलावर होती. मुलगा म्हणजे तिशीचा माणूस. लहानपणी ग्रीन कार्डावर आलेला, त्याला दुभाष्याची गरजच नव्हती. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली शिक्षा संपली आणि तुरुंगातूनच इमिग्रेशनवाल्यांनी त्याला ताब्यात घेतलं. तो डिटेन्शन सेंटरमधून व्हिडिओवर दिसत होता. वडील माझ्या शेजारी, मांडीवर जाडजूड फाइल.

या कोर्टात सरकार वकील देत नाही. वकील करायचा हक्क आहे, पण स्वतःच्या पैशाने. न्यायाधीशही सरकारच्याच न्याय खात्याचे नोकर. या कुटुंबाचं नशीब एवढंच, की एका नातेवाइकाने चांगली वकील गाठून दिली आणि तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "वडील नागरिक कधी झाले?"

२७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेला एक कायदा आहे. ग्रीन कार्डवालं मूल अठराच्या आत असताना आई किंवा वडील अमेरिकन नागरिक झाले आणि मूल त्यांच्या ताब्यात, त्यांच्यापाशी राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. अर्ज नाही, शपथ नाही. घोटाळा तिथेच होतो, कारण हातात कागद येत नाही आणि ज्याचं त्यालाच माहीत नसतं.

वडिलांनी शपथ घेतली तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता. सरकारी वकिलाने नेमकं विचारलं, "तेव्हा तो कुठे राहत होता?"

"शाळेसाठी भावाकडे ठेवला होता. दुसऱ्या राज्यात."

केस इथेच कोसळू शकते हे मला कळत होतं. तरी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. वडिलांनाही सरकारी वकिलाच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं असावं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, साहेबांना जरा नीट समजावून सांगा ना." दुभाष्याला समजावून सांगायची मुभा नसते. त्यांची ती विनवणीसुद्धा मी मोठ्याने इंग्रजीत न्यायाधीशांना ऐकवली. इतकं अवघडल्यासारखं मला कोर्टात क्वचितच झालं असेल.

न्यायाधीशांनी मग स्वतःच विचारलं, "परत घरी कधी आला?"

"शाळा संपल्यावर. जूनमध्ये."

अठरावा वाढदिवस सप्टेंबरमधला. सगळा खेळ त्या उन्हाळ्यावर आला. वकीलबाईने दाखल केलेल्या पुराव्यात दातांच्या डॉक्टरचं जुलैमधलं एक बिल होतं: मुलाचं नाव, घरचा पत्ता आणि कडेला वडिलांच्या अक्षरात तीन हप्त्यांचा हिशेब. सरकारी वकिलाने मूळ प्रत मागितली. वडिलांनी ती फाइलमधून लगेच काढून दिली. असली बिलं कोण जपून ठेवतं? त्यांनी ठेवली होती.

आमच्या ओळखीतली मंडळी सर्रास म्हणतात, गुन्हा केलाय ना, मग पाठवा परत, सुनावणीचे लाड कशाला? मला ते ऐकून आता चीड येते. सुनावणी झाली नसती, तर एक अमेरिकन नागरिक विमानात बसवला गेला असता. आणि हा काही आजचा नवा लाड नाही. नागरिकत्वाचा दावा पुराव्यानिशी करणाऱ्याला न्यायालयाचा निर्णय मिळालाच पाहिजे, असं इथल्या सुप्रीम कोर्टाने १९२२ मध्येच सांगितलंय. उलट जानेवारी २०२५ मध्ये सरकारने न्यायाधीशांसमोर न नेता हद्दपार करायची झटपट पद्धत देशभर लागू करायचं ठरवलं. ती ग्रीन कार्डवाल्यांसाठी नाही हे खरं. पण कुणाकडे कुठलं कार्ड आहे, हे तपासायलासुद्धा कुणालातरी थांबावं लागतंच की!

निकाल तिथेच, तोंडी झाला. मुलगा नागरिक, केस बंद. सरकारी वकिलाने तीस दिवसांत अपील करायचा हक्क राखून ठेवला.

वडिलांनी हात वर केला. "मग इतके महिने आत कशाला ठेवलं?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, तो प्रश्न या कोर्टापुढे नाही.

बाहेर वकीलबाई आज संध्याकाळीच सुटका व्हावी म्हणून फोनाफोनी करत होती. मध्येच वडिलांना म्हणाली, आधी पासपोर्टचा अर्ज भरा. माझी पुढची केस हिंदीची होती. त्या माणसाला वकील नव्हता. न्यायाधीशांनी त्याला मोफत मदत करणाऱ्या संस्थांची यादी दिली आणि पुढची तारीख दिली.