सेमिनारमध्ये न विचारलेला प्रश्न

गेल्या पावसाळ्यातल्या एका बुधवारची ही गोष्ट आहे. आमच्या संस्थेत दर बुधवारी दुपारी चार वाजता पेशी व रेणवीय जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा सेमिनार असतो आणि त्याची जबाबदारी काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्या दिवशी चौथ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपले काम मांडले, दोन प्राध्यापकांनी एकेक प्रश्न विचारला, टाळ्या झाल्या आणि सगळे चहाकडे वळले. जिन्यापाशी पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, नवव्या स्लाइडवरचा ॲक्टिनचा बँड दुसऱ्याच मेम्ब्रेनचा होता ना? वरच्या ब्लॉटमध्ये सहा लेन होत्या आणि खाली पाचच."

तिचे म्हणणे बरोबर होते. माझ्या ते लक्षात आले नव्हते.

"मग तिथेच का नाही विचारलंस?" मी म्हटले.

"एवढे सगळे बसले होते, कुणालाच दिसलं नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

तो ब्लॉट म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. त्यात पेशींतली प्रथिने जेलवर आकारमानानुसार वेगळी करतात, मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवतात आणि अँटिबॉडीच्या साहाय्याने त्यांतले हवे ते प्रथिन ओळखतात. एखाद्या लेनमधला, म्हणजे एका नमुन्याच्या रांगेतला, बँड (प्रथिनाचा पट्टा) फिका दिसला, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. ते प्रथिन खरोखर घटले असेल किंवा त्या लेनमध्ये मुळातच कमी नमुना पडला असेल. या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी ॲक्टिनसारखे, प्रयोगातल्या उपचाराने बदलू नये अशी अपेक्षा असलेले प्रथिन त्याच मेम्ब्रेनवर तपासतात. मेम्ब्रेन दुसरी असेल, तर ही तुलना निराधार ठरते आणि वरच्या फिक्या बँडचा अर्थ लावताच येत नाही. म्हणजे त्या विद्यार्थिनीने विचारलेली गोष्ट किरकोळ नव्हती. संपूर्ण निष्कर्ष तिच्यावर उभा होता. तो प्रश्न सभागृहात विचारला गेला नाही, याची खंत मला अनेक दिवस होती, आणि आमच्या सेमिनारची पद्धत आम्ही बदलली ती त्यानंतर.

सेमिनार म्हणजे बोलण्याचा सराव, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. स्लाइड कशा असाव्यात, वेळ कशी पाळावी, इंग्रजी कसे सुधारावे, याबद्दल विद्यार्थ्यांना भरपूर सांगितले जाते. हे सगळे आवश्यकच आहे. परंतु पीएचडीच्या पाच-सहा वर्षांत एखादा विद्यार्थी स्वतः फार तर दहा-बारा वेळा बोलतो आणि शेकडो वेळा ऐकतो. त्या ऐकण्याचे शिक्षण मात्र आपण त्याला जवळजवळ देत नाही. माझ्या मते सेमिनारचे खरे काम श्रोत्यांमध्ये घडायला हवे. समोरच्या आकृतीत जे दाखवले आहे ते आणि जे सांगितले जात आहे ते एकच आहे का, हे तिथल्या तिथे तपासण्याची सवय लागणे, हे ते काम.

मला ही सवय लागली ती एका प्रश्नामुळे. दुसऱ्या वर्षाच्या माझ्या सेमिनारमध्ये मी एक स्तंभालेख दाखवला होता. एका जनुकाची अभिव्यक्ती कमी केल्यावर पेशींची वाढ मंदावते, असे त्यात दिसत होते आणि खाली 'एन बरोबर ३', म्हणजे प्रयोग तीनदा केला, असे लिहिले होते. शेजारच्या लॅबमधल्या एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "हे तीन म्हणजे नक्की कोणते तीन?" ते एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधल्या पेशी एकाच प्लेटच्या तीन खळग्यांत घालून मोजलेले तीन आकडे होते. त्या तीन आकड्यांतून कळते ते एवढेच, की माझा हात किती स्थिर आहे. पेशींचे वागणे पुन्हा तसेच असेल का, हे समजण्यासाठी वेगवेगळ्या दिवशी, स्वतंत्रपणे वाढवलेल्या पेशींवर तो प्रयोग पुन्हा करावा लागतो. मी तो केला. दोनदा फरक दिसला, तिसऱ्यांदा दिसला नाही, आणि त्या तिसऱ्या वेळेचे कारण शोधण्यात माझे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांतून निघालेले काम पुढे माझ्या प्रबंधाचा मुख्य भाग झाले. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना हे मी नंतर सांगितले, तेव्हा त्यांना तो प्रश्न आठवतही नव्हता.

त्या बुधवारनंतर आम्ही पहिला नियम केला: व्याख्यान संपल्यावरची पहिली पंधरा मिनिटे फक्त विद्यार्थ्यांची. त्या वेळात कोणत्याही गाइडने बोलायचे नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या मदतीला धावून उत्तर द्यायचे नाही आणि दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला प्रश्नही विचारायचा नाही. सुरुवातीला ही पंधरा मिनिटे फार जड गेली. कधीकधी तीन-तीन मिनिटे सभागृहात पंख्याचाच आवाज असे, आणि ती शांतता मोडण्याचा मोह आवरणे सर्वांत अवघड होते ते आम्हा शिक्षकांना.

दुसरा बदल जर्नल क्लबमध्ये, म्हणजे प्रसिद्ध शोधनिबंधांवर चर्चा करण्याच्या बैठकीत, केला. एखादा शोधनिबंध निवडायचा, पण त्याचे शीर्षक, सारांश आणि निष्कर्ष झाकून ठेवायचे, फक्त एक आकृती पडद्यावर ठेवायची आणि तिच्यातून काय म्हणता येते हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सांगायचे. पहिल्यांदा आम्ही जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट यांचे सायक्लिन या प्रथिनावरील काम घेतले. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत हंट सी अर्चिन या सागरी प्राण्याच्या अंड्यांवर काम करत होते. फलित अंड्यांना त्यांनी किरणोत्सारी मेथिओनिन (प्रथिने ज्यांपासून बनतात त्यांपैकी एक अमिनो आम्ल) दिले, थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने नमुने घेतले आणि नव्याने तयार होणारी प्रथिने जेलवर पाहिली. बहुतेक बँड वेळेबरोबर गडद होत गेले. एक बँड मात्र गडद होत होत पेशीविभाजनाच्या सुमारास एकदम फिका पडला आणि पुढच्या चक्रात पुन्हा वर आला. हेच सायक्लिन. हंट यांचा विषय तोवर प्रथिननिर्मितीचे नियंत्रण हा होता; पेशीचक्र, म्हणजे पेशीच्या वाढीचा आणि विभाजनाचा क्रम, हा नव्हे. पेशीचक्राची लय या प्रथिनाच्या तयार होण्याशी आणि नष्ट होण्याशी जोडलेली आहे, हे त्या जेलमधून पुढे आले. हे काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २००१ मध्ये लेलँड हार्टवेल व पॉल नर्स यांच्यासह हंट यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आकृती पडद्यावर आल्यावर त्याच विद्यार्थिनीने हात वर केला. तो बँड फिका दिसतो, तो त्या लेनमध्ये नमुना कमी पडल्यामुळे तर नसेल, असे तिने विचारले. मी काही बोलले नाही. मागून एकाने उत्तर दिले की त्याच लेनमधले बाकीचे बँड फिके झालेले नाहीत, म्हणजे ती लेनच स्वतःचा कंट्रोल, तुलनेचा आधार, आहे. मग तिसऱ्याने विचारले की नमुने तासातासाने घेतले असते तर काय दिसले असते. त्या एका प्रश्नावर आम्ही पाऊण तास बोललो, कारण प्रत्येकाला स्वतःच्या प्रयोगात नमुने घेण्याचे ठरावीक चोवीस आणि अठ्ठेचाळीस तास आठवले. हे अंतर पेशींच्या गतीवरून ठरवले आहे की आपल्या सोयीवरून, याचे उत्तर बहुतेकांकडे नव्हते.

या शोधात मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बँड नाहीसा होताना पाहिल्यावर त्याच संध्याकाळी, व्याख्यानानंतरच्या मेळाव्यात हंट यांचे जॉन गेरहार्ट यांच्याशी बोलणे झाले. पेशीला विभाजनाकडे नेणाऱ्या एका घटकावर गेरहार्ट काम करत होते. तो घटक पुन्हा निर्माण होण्यासाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात, हे हंट यांना तिथे कळले आणि आपल्या बँडचा अर्थ त्यांना दिसू लागला. सेमिनारनंतरच्या चहाला मी वेळापत्रकात अर्धा तास देते तो यासाठी.

पुण्यात अशा बोलण्याला जागा भरपूर आहे. पाषाणला आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था: दुचाकीवरून अर्ध्या तासाच्या आत एका ठिकाणाहून दुसरीकडे जाता येते. तरीही आमचे विद्यार्थी परिषदेसाठी दुसऱ्या राज्यात जातात आणि शेजारच्या संस्थेतल्या साप्ताहिक सेमिनारला जात नाहीत. महिन्यातून एक बुधवार आम्ही बाहेरच्या विद्यार्थ्यासाठी ठेवतो. आपल्या लॅबमध्ये जे सगळ्यांना ठाऊक असते, ते त्याला ठाऊक नसते, त्यामुळे तो मुळापासून विचारतो.

अशाच एकाने विचारले होते, "तुमची सेल लाइन आली कुठून?" सेल लाइन म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशी. कोशिका विज्ञान केंद्रात राष्ट्रीय पेशीभांडार आहे आणि देशभरच्या प्रयोगशाळांना तिथून पेशी पुरवल्या जातात. पण अनेक लॅबमध्ये पेशी येतात त्या मैत्रीखात्यात, शेजारच्या फ्रीझरमधून. १९६६ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी एका परिषदेत दाखवून दिले की वेगवेगळ्या उतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या डझनाहून अधिक मानवी सेल लाइनमध्ये जी६पीडी या विकराचे एकच विशिष्ट रूप आढळते. हे रूप मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींमध्ये असते, आणि ते हेन्रिएटा लॅक्स या आफ्रिकी-अमेरिकी रुग्ण महिलेच्या अर्बुदातून १९५१ मध्ये वाढवलेल्या हेला पेशींमध्ये होते. अर्थ स्पष्ट होता: हेला पेशींनी इतर कल्चरमध्ये (वाढवत ठेवलेल्या पेशींमध्ये) शिरून त्यांची जागा घेतली होती. ज्यांनी अनेक वर्षे त्या पेशींवर काम केले होते, त्यांच्यासमोर उभे राहून हे सांगायला किती धैर्य लागले असेल, याचा मी अनेकदा विचार करते. आता डीएनएवरून सेल लाइनची ओळख पटवता येते, पेशींना सहज दिसून न येता दूषित करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूंची चाचणी एका दिवसात होते, आणि आमच्याकडे पहिल्या स्लाइडवर या दोन्ही चाचण्यांच्या तारखा लिहाव्या लागतात.

एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. काही ठिकाणी साप्ताहिक सेमिनारलाच परीक्षेचे रूप दिले जाते. गुण दिले जातात, चुकीच्या उत्तरावरून सर्वांसमोर सुनावले जाते. मूल्यमापनाची सोय स्वतंत्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी प्रगती मांडावीच लागते. बुधवारची तासाभराची जागाही परीक्षेला दिली, तर न जमलेला प्रयोग विद्यार्थ्याने दाखवायचा कुठे?

भाषेचाही प्रश्न येतो. आमच्याकडे केरळ, बंगाल, आसामची मुले आहेत, त्यामुळे सेमिनार इंग्रजीत होतो आणि ते योग्यच आहे. पण लातूर-परभणीकडून आलेली, बारावीपर्यंत मराठीत विचार केलेली मुले मनातल्या मनात वाक्य जुळवत बसतात आणि तोवर स्लाइड पुढे सरकते. आता कोणीही आपल्या भाषेत विचारावे आणि शेजारच्याने इंग्रजीत सांगावे, अशी मुभा आहे. "कशाच्या तुलनेत?" हे दोन शब्द आमच्या सभागृहात आता मल्याळी मुलेही म्हणतात, कारण कंट्रोलबद्दलचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्यांत येतो.

नवव्या स्लाइडचे पुढे असे झाले. मी त्या विद्यार्थिनीला सुचवले की तिने त्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःच विचारावे. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या लॅबमध्ये गेली. त्याने मूळ प्रतिमांची फाइल उघडली, तारखा पाहिल्या, आणि दोन मेम्ब्रेन वेगळ्या असल्याचे मान्य केले. पुढच्या महिन्यात त्याने तो ब्लॉट स्वतंत्र कल्चरवर तीनदा पुन्हा केला आणि एका बुधवारी संपूर्ण मेम्ब्रेन, न कापता, पडद्यावर ठेवली. फरक होता, पण आधी दिसला होता त्याहून बराच कमी. त्याचे बोलणे संपले आणि पंधरा मिनिटे सुरू झाली, तेव्हा तिसऱ्या रांगेतून तिचा हात वर गेला.