फेरलाख: अक्रोडाच्या कोंदणात पोलाद

व्हिएन्ना, ग्राझ, तीन दिवस छान गेले. पण ऑस्ट्रियाला गेले ती फेरलाखसाठी. क्लागेनफुर्टच्या दक्षिणेला, काराव्हांकेन डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव सोळाव्या शतकापासून बंदुका घडवतं. बंदूक-कारागिरीची शाळा १८७८ पासूनची. संग्रहालयात गर्दी असते ती हरणं-रानडुकरं कोरलेल्या बंदुकांपुढे. कोरीवकाम देखणं आहेच, पण शिकारी रायफलची पारख करायची तर जिथे लाकूड पोलादाला भेटतं ती रेघ बघावी.

एका कार्यशाळेत ती तासभर जवळून बघायला मिळाली. दस्त्यासाठी, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागासाठी, अक्रोड, वर्षानुवर्षं वाळवलेला. ठोकळा निवडताना रंग नंतर. आधी मुठीजवळच्या बारीक भागात लाकडाचे तंतू लांबीला सरळ धावतात ना, ते बघायचं. तिथे ते तिरके गेले की दस्ता एक दिवस तिथूनच मोडतो. लहरी-लहरींची नक्षी हवी ती मागच्या रुंद भागात.

मग खोबण. पोलादाला काजळी आणि तेलाचा पातळ हात द्यायचा, लाकडात बसवायचं, काढायचं. काळा डाग उमटला तेवढ्याच जागी पटाशीने पापुद्रा काढायचा. पुन्हा काजळी, पुन्हा पटाशी, दिवसचे दिवस. शेवटी पोलाद कोंदणातल्या हिऱ्यासारखं बसतं. आणि इतक्या घट्ट कामात एक फट मुद्दाम ठेवलेली! पोलादाची मागची शेपटी जिथे संपते तिथे, कागदाच्या जाडीची. बार उडाल्यावर मागे येणारा धक्का पोलादाच्याच पुढच्या भागाखालच्या जाड खुंटीने घ्यायचा असतो. शेपटी लाकडाला टेकली तर पाचरीसारखी घुसून दस्ता चिरते. ती फट बघून मी थक्क झाले.

मुठीवरची जाळी म्हणजे बारीक शंकरपाळी: इंचाला साधारण २४ रेघा, रुंदीच्या तिप्पट लांबी. पहिल्या दोन रेघा चुकल्या की पुढची प्रत्येक रेघ तीच चूक पुढे नेते. काठाबाहेर निसटलेल्या रेघा झाकायला भोवती किनार कोरता येते. मला किनारीविना जाळीच आवडते, तिथे हात लपत नाही.

जवसाच्या तेलाआधी लाकूड ओलं करून उभे राहिलेले तंतू घासून काढतात. मग तेल, अगदी पातळ; जाड थर आठवडाभर चिकट राहतो. जाळीत तर नुसता ब्रश फिरवायचा, नाहीतर शंकरपाळ्या तेलाने बुजतात. मी पाहिला त्या दस्त्याचा सातवा हात चालू होता.