काढायची जागा

आज्जींनी पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली आणि काउंटरवर पसरला. निळ्या फ्रेमची एक काडी, दुसरीचा तुकडा आणि एकच काच. दुसरी काच कुठाय, असं विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "म्हशीनं तुडवली."

चार महिन्यांतला हा तिसरा चष्मा. पहिला विहिरीत गेला होता, दुसरा एसटीच्या खिडकीतून. तिन्ही माझ्याच सांगलीच्या दुकानातले.

नातू खाली बसून शटरच्या कुलपाशी खेळत होता. वय चार, घरात सोन्या म्हणतात. डाऊन सिंड्रोम, म्हणजे २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. बोलणं फारसं नाही, पण नको असलं की ते कळवण्यात कधी चूक नाही. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या सरकारी डॉक्टरांनी त्याला मिरजेला पाठवलं. तिथं थेंब घालून नंबर काढला तो दोन्ही डोळ्यांना प्लस पाच. आई-बाप तासगावकडं द्राक्षाच्या छाटणीला, त्यामुळं दरवेळी आज्जीच घेऊन यायच्या.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "त्याच्या नशिबात चष्मा न्हाई. फुकट पैसं घालवायचं कशाला?"

तोवर मीही मनातून त्याच मताला आलो होतो. मूल हट्टी आहे, घरचे लाड करतात, आपण काय करणार. मागच्या खेपेला तर मी हुशारी म्हणून मागून इलॅस्टिकचा पट्टा बांधून दिला होता, चांगला घट्ट. "आता काढून दाखव म्हणावं," असंही म्हणालो होतो. ते आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं.

दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. तशीच एक जुनी फ्रेम घेऊन मी त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलो. बावीस वर्षांच्या धंद्यात लहान मुलाला चष्मा बसवायला मी खाली बसलो नव्हतो. मूलच स्टुलावर चढवायचं, ही रीत. फ्रेम त्याला घालून खालून पाहिलं आणि लक्षात आलं. सोन्याला नाकाचा वरचा उंचवटा जवळपास नाहीच. चष्मा टेकायला जागाच नव्हती. तो घसरून गालांवर बसला होता आणि पोरगं काचेच्या वरून बघत होतं. कान लहान आणि जरा खाली, त्यामुळं काडी लांब होऊन कानामागं नुसती तरंगत होती. आणि माझा तो पट्टा? त्यानं चष्मा वर गेला नाही, चेहऱ्यावर दाबला गेला असणार. हातानं तसा दाबून बघितला तर पापणीचे केस काचेला घासायला लागले. सोन्यानं माझा हात झटकला. बरोबरच केलं.

आमच्या धंद्यात मुलांची फ्रेम म्हणजे मोठ्यांचीच फ्रेम, आकारानं बारकी, रंग निळा नाहीतर गुलाबी आणि काडीवर कार्टून. मी त्याची पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, तेवढी मोजली होती. नाक मोजलं नव्हतं, कानापर्यंतचं अंतर मोजलं नव्हतं.

आज्जींनी त्याला गप्प करायला पदरातले चिरमुरे फरशीवर टाकले. तो एकेक दाणा उचलून पार नाकाशी नेऊन बघायचा, मग खायचा. मी फ्रेममध्ये जुन्याच नंबरच्या काचा अडकवून त्या नीट डोळ्यांसमोर धरल्या, तरी दाणा नाकाशीच. ते मिरजेच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्यांनी परत बोलावून जवळ बघताना डोळा किती फोकस करतो ते तपासलं. या मुलांपैकी बऱ्याच जणांचं जवळचं फोकस कमी पडतं, दूरचा चष्मा असला तरी. चिठ्ठीवर आलं : बायफोकल. म्हणजे एकाच काचेत वर दूरचा नंबर, रेघेखाली जवळचा.

चार वर्षांच्या पोराला बायफोकल! मी चिठ्ठी दोनदा वाचली. आज्जींना मात्र हसू आवरेना. "म्हंजे माझ्यावाणीच की वो! आज्जी-नातू एका माळंचं मणी."

फरक एवढाच की म्हाताऱ्यांची रेघ खाली ठेवतात, याची डोळ्यातल्या बाहुलीच्या मध्याशी ठेवायची. खाली ठेवली तर मूल वरूनच बघतं आणि जवळचा नंबर वायाच जातो. पॉलीकार्बोनेटच्या काचा घेतल्या, कारण आपटणं ठरलेलंच. फ्रेम हलकी, धातूची. नाकावर दोन सुट्या पॅडऐवजी सिलिकॉनची एकसंध पट्टी बसवली आणि तिचे हात वाकवून चष्मा वर उचलला. काड्या कानामागं वळणाऱ्या, मऊ. चार वेळा घालून, काढून, वाकवून बघितलं. शेवटी पापणी मिटली तरी काचेला लागेना.

आणि तरीही त्यानं तो पाच-सात सेकंदांत काढला.

फेकायला हात वर केला तेवढ्यात मी उघडी डबी पुढं धरली. तो थांबला. डबीकडं बघितलं, चष्मा आत टाकला, झाकण खट्कन लावलं. त्या खट् आवाजावर तो भलताच खूश झाला. झाकण पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि मग आज्जींच्या तोंडाकडं बघितलं. इतके दिवस हे पोरगं 'बास' म्हणत होतं आणि आम्ही कुणीच त्याला ते ठेवायची जागा दिली नव्हती.

घरी काय करायचं ते आज्जींनीच ठरवलं, मी फक्त मान डोलावली. सोन्याचा जीव रेडकात. तेव्हा संध्याकाळी रेडकाला चारा घालायला जाताना आज्जीनं आपला चष्मा घालायचा, मग त्याचा, समोरून दोन्ही हातांनी. रेडकापाशी पाच मिनिटं. त्यानं काढला तर रागवायचं नाही, पळायचं नाही, डबी पुढं करायची. झोपेला आला असेल किंवा भूक लागली असेल तर डबी बाहेरच काढायची नाही. माझी भर एवढीच की आठवड्यानं फोन करा.

आठवड्यानं फोन आला : "काय न्हाई वो, डबीच वाजवतोय." पुढच्या आठवड्यात फोनच नाही. मी समजून चुकलो.

दीड महिन्यानं दोघं दारात. मी आधी पोराच्या चेहऱ्याकडं बघितलं, चष्मा नव्हता. आज्जी म्हणाल्या, "इस्क्रू ढिला झालाय. येताना यष्टीत सारखा हलतोय म्हणून त्यानंच काढून दिला." डबी सोन्याच्याच हातात होती. उघडून बघितलं तर डाव्या काचेवर बारीक ओरखडा, नाकाच्या पट्टीत चाऱ्याचं कुसळ, आणि दोन्ही काचांवर वाळलेली लाळ. त्याची का रेडकाची, कोण जाणे.

स्क्रू आवळला, काचा धुतल्या. पुसायला फडकं शोधत होतो तर काउंटरच्या कडेवरून एक छोटा हात वर आला, पंजा उघडा, बोटं हलवत. आज्जी म्हणाल्या, "द्या लवकर, न्हाईतर आता माझा काढून घालंल."