पाणंदीतून नंदवाळ

आषाढीला कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून नंदवाळची दिंडी निघाली तेव्हा नुसती भुरभुर होती. साने गुरुजी वसाहत मागं पडेपर्यंत छत्री असून नसल्यासारखी झाली. पुईखडीला रिंगणात माउलींचा अश्व धावला, त्याच्या टापांखालचा चिखल कपाळाला लावायला झुंबड उडाली, आणि पावसानं तो लगेच धुऊनही टाकला.

वाशीच्या पुढं रस्ता गाड्यांनी तुंबलेला. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींनी मागं न बघताच सांगितलं, "लेकरा, हितं हुबा राहून काय करतूस? पाणंदीनं चल." आठ-दहा जण त्यांच्या मागं वळलो. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मधे गाडीच्या चाकोरीत गढूळ पाणी. ही वाट मी कधी तुडवली नव्हती; आजींचं माहेर मात्र याच शिवारातलं.

"चपला काढ आन् कडंच्या गवतावर पाय दे. चाकोरीत घातलास तर गुडघ्यापतूर जाशील." आधी अंगठा रोवायचा, मग टाच टेकायची. उसाची पानं दंडाला कापत होती आणि त्यावर पाऊस चुरचुरत होता.

आमच्यातला पखवाजवाला मुलापेक्षा पखवाज जपत होता. पखवाजाच्या पानाला, म्हणजे कातड्याला, ओल लागली की ते सैल पडतं, त्यावरचा काळा लेप म्हणजे शाई बिघडते, धुम्यावरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक तर भिजून गळूनच जाते. त्यामुळं पखवाज खताच्या प्लास्टिक पोत्यात, आणि अभंग नुसत्या टाळांवर. रस्त्यावरच्या भोंग्यांपेक्षा मला हेच बरं वाटलं.

कोल्हापूरकर आषाढात भेटले आणि पंचगंगेची पातळी निघाली नाही, असं होत नाही. दोन अभंगांच्या मधे "राजाराम बंधारा किती फुटावर?" झालंच. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ.

ऊस संपला तिथं भाताची रोपलागण चालली होती. खोळा पांघरलेल्या बायका कमरेत वाकलेल्या. "येत न्हाई व्हय गं?" आजींनी हाळी दिली. "चिखल केलाय, रोप उपटलंय, ते उद्यापतूर थांबतंय व्हय? उपास धरलाय. इठोबाला सांगा." पुन्हा वाकल्या.

पंढरपूरचा विठोबा मुक्कामाला नंदवाळलाच असतो, असं इकडं म्हणतात. म्हणून हे प्रतिपंढरपूर. दर्शनाची रांग लांबच लांब होती. आजी ओळखीच्या बायकांत केव्हाच मिसळल्या. मुखदर्शन घेऊन मी शाबूच्या खिचडीकडं वळलो.

बाहेर चहाच्या गाड्यावर आमचा पखवाजवाला दिसला. पोत्यातूनही ओल गेलीच होती. थाप मारली की नुसतं 'ढप्प'. तो स्टोव्हच्या आचेवर पान शेकत उभा.

"माउली, भजनाला बसायचंय, पाचच मिनिटं."

"बसा की," चहावाला म्हणाला, "पर दुधाच्या पातेल्यावर टिपकं पडाय लागल्यात, तेवढं पोतं जरा हिकडं धरा."